क्रेसेन्सियाच्या घरची मिशी

आमच्या सान रोकेत एके काळी एक गोष्ट प्रत्येकानं प्रत्येकाच्या कानात सांगितली होती, आणि सांगून झाल्यावर "माझं नाव घेऊ नको हं" असंही म्हटलं होतं. गोष्ट अशी, की क्रेसेन्सियानं नवऱ्याला शवपेटीत ठेवलं, आणि झाकण ठोकायच्या आधी त्याची मिशी कापून घेतली.

कुणी म्हणे कात्रीनं. कुणी म्हणे वस्तऱ्यानं, आणि वस्तरा म्हणताना माझ्याकडे बघे, कारण गावात केस कापायचं दुकान एकच, ते माझं. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. न्हाव्यानं गिऱ्हाइकाच्या मिशीबद्दल बाहेर बोलू नये. बाकी सगळ्याबद्दल बोलावं. त्यासाठीच तर लोक दाढी घरी न करता माझ्याकडे येतात.

क्रेसेन्सिया तामाल विकायची, देवळाच्या दारात, डाव्या हाताला. मक्याच्या पिठाचे, मक्याच्याच पानात बांधलेले गरम तामाल, शेजारी आतोलेचं, म्हणजे मक्याच्या गोड पेजेचं पातेलं आणि मध्ये तिची जीभ. एकदा पोस्टमननं तामाल उघडून अदबीनं विचारलं, "दोन्या क्रेसेन्सिया, ह्यात मांस कुठंय?" ती म्हणाली, "शोध. आत जाऊन देव शोधतोस, तेव्हा तो लगेच दिसतो का?" पाद्रीबाबा मागंच उभे होते. त्यांनी दोन तामाल जास्त घेतले.

एवढी तिखट बाई, पण घोड्याला घाबरायची. लहानपणी डोंगरावरच्या तिच्या गावात एका खेचरानं तिचा नवा झगा अंगावर असतानाच अर्धा खाल्ला होता, तेव्हापासून. आणि लग्न केलं कुणाशी, तर आबुंदियोशी, ज्याचा अर्धा जन्म खोगिरावर गेला. ती म्हणायची, "पुढून चावतं, मागून लाथ मारतं, आणि मध्ये माझा नवरा बसतो. त्या जनावराजवळ जायला जागा उरलीय कुठं?"

आता आबुंदियो म्हटला की वीस नोव्हेंबर आलाच. त्या दिवशी मेक्सिकोच्या क्रांतीची मिरवणूक असते. शाळेतली पोरं छातीवर पुठ्ठ्याच्या गोळ्यांचे पट्टे लावून, नाकाखाली जळक्या बुचाच्या मिश्या काढून चालतात. पोरी फौजेतल्या बाया होतात: दोन वेण्या, शाल, पाठीला बांधलेली बाहुली. त्यांच्या पुढं बारा घोडेस्वार, आणि सगळ्यांत पुढं एकटा, कुळांच्या जमिनीसाठी लढलेला आमचा जनरल एमिलियानो सापाता. ह्या जनरलचं सोंग चाळीस वर्षं आबुंदियोच घ्यायचा. उसाच्या मळ्यात वर्षभर पाणी धरणारा माणूस त्या सकाळी चांदीच्या बटणांची विजार चढवायचा, मोठी टोपी घालायचा, आणि काळ्या घोडीवर बसून असा यायचा की म्हाताऱ्या बायका क्रूस करायच्या. आमच्याकडचे म्हातारे अजून मानत नाहीत की जनरलला मारलं. मारला तो दुसराच कुणी, त्याच्या गालावर तीळ नव्हता, असं ते सांगतात. तीळ कुठल्या गालावर, ह्यावर मात्र त्यांच्यात बाचाबाची होते. म्हणून आबुंदियो एका वर्षी उजव्या गालावर तीळ काढायचा, एका वर्षी डाव्या. अर्धं गाव एका वर्षी खूश, अर्धं पुढच्या.

मिशी मात्र काढलेली नसायची. ती त्याची स्वतःची, काळीभोर, दोन्ही टोकांना मेण. आमच्या गावात नियमच आहे: रंगवलेली मिशी पायी, केसांची मिशी घोड्यावर. माझ्या वडिलांच्या काळात एक जण बुचानं मिशी काढून घोड्यावर बसला होता. ऊन तापलं, घाम सुटला, मिशी ओघळून हनुवटीवर आली, आणि आमचा जनरल बोकडासारखा दिसायला लागला. म्हातारे एवढे खवळले की त्याला चौकातच खाली उतरवलं. तेव्हापासून मिरवणूक निघण्याआधी कचेरीच्या कमानीखाली मिश्या ओढून बघतात. पहिला स्वार बाकीच्यांच्या ओढतो, आणि पहिल्याची दुसरा ओढतो. निघाली तर खाली उतर.

आणि अजून एक. पहिली जागा माणसाची नाही, घराची. घरातून एक वर्ष कुणी बसलं नाही, तर ती दुसऱ्या घराकडे जाते. गेली की परत येत नाही.

दुसरा होता इलारियोन खाटीक. तीस वर्षं दुसरा. तीस वर्षं त्याच्या नाकापुढं आबुंदियोच्या घोडीची शेपटी. त्याची मिशीही काही कमी नव्हती, बैलाच्या शिंगांसारखी दोन्हीकडे वर गेलेली. तो आबुंदियोच्या मुलाचा धर्मपिता, म्हणजे दोघं एकमेकांचे कंपाद्रे, क्रेसेन्सिया त्याची कोमाद्रे, आणि आमच्यात कंपाद्रे म्हणजे भावापेक्षा जवळचा. पण दर वर्षी कमानीखाली तो आबुंदियोची मिशी अशी ओढायचा की आबुंदियोच्या डोळ्यांतून पाणी यायचं.

"तुझ्या आईला, कंपाद्रे! उपटतोस का काय?"

"बघतोय. एक दिवस निघेल."

मग दोघं हसायचे आणि घोड्यावर चढायचे. आणि क्रेसेन्सिया? ती सगळ्यांत मागं, हातात झाडू आणि बादली. तेरा घोडी म्हटल्यावर रस्ता कुणीतरी झाडायला हवाच ना. चाळीस वर्षं नवऱ्याची विजार शिवली, बटणं घासली, टोपीला इस्त्री केली, आणि चाळीस वर्षं ती मिरवणूक तिनं मागूनच पाहिली. "जनरल कसा दिसत होता गं?" असं कुणी विचारलं की म्हणायची, "मला काय ठाऊक? त्याच्या घोडीची शेपटी विचारा, केस न् केस सांगते."

त्यांची नात कासिल्दा. आईबाप सरहद्दीपलीकडे, उत्तरेत, द्राक्षांच्या मळ्यांत कामाला. पोर दीड वर्षांची होती तेव्हा आजी-आजोबांपाशी ठेवली, ती राहिली. आबुंदियोनं तिला नीट चालायला यायच्या आधी घोडीवर बसवलं. घोडीचं नाव गोलोंद्रिना, पाकोळीसारखी काळी आणि तशीच वळणारी. आजीनं दारातून ओरडायचं, "उतरव पोरीला, मरेल!" आजोबानं म्हणायचं, "मी थकलो की हीच बसणार पुढं." लोक हसायचे: "आणि मिशी रे, आबुंदियो?" तो म्हणायचा, "येईल. आमच्या घरात बायकांनाही येते." मग घरातून लाकडी चमचा उडत यायचा.

सत्त्याऐंशी सालच्या मे महिन्यात आबुंदियो दुपारी जेवला, हॅमॉकमध्ये पडला, आणि उठला नाही. शेवटची दाढी मी केली.

कासिल्दा नऊ वर्षांची होती. रडली नाही. शाळा सुटली की तबेल्यात जायची, आणि गोलोंद्रिनाच्या पायाशी बसून राहायची. जेवायला बोलावलं तर ताट तिकडेच मागायची. आजी ताट घेऊन दारापर्यंत यायची, आत पाऊल टाकायची नाही, आणि काठीनं ताट पुढं सरकवायची. असं पाच महिने चाललं. एकदा मी जाता जाता बघितलं, तर आजी दाराबाहेर स्टुलावर, नात आत गवतावर, आणि मध्ये घोडी.

सप्टेंबरात ओब्दुलिया बाईंनी शाळेत सोंगं वाटली. कासिल्दाला म्हणाल्या, "तू फौजेतली बाई. शाल आण आणि बाहुली आण."

"बाहुली नको. मी जनरल."

"राजा, जनरल घोड्यावर असतो."

"घोडी आहे माझ्याकडं."

"आणि मिशी?"

वर्ग हसला. कासिल्दा दप्तर घेऊन उठली आणि सरळ तबेल्यात गेली. दुसऱ्या दिवशी शाळेत आली नाही, तिसऱ्याही नाही, मग आलीच नाही.

इकडं इलारियोननं नवी विजार शिवायला टाकली होती. त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. घरात पुरुष उरला नाही, जागा पुढं जाणार, हे गावानं धरूनच चाललं होतं. तो क्रेसेन्सियाकडे जाऊन नीट विचारूनही आला. "कोमाद्रे, तुमची हरकत नाही ना?" ती तामालांचं पीठ मळत होती. म्हणाली, "वीस तारीख अजून आली नाही, कंपाद्रे. बसा, खाऊन जा." तो चार खाऊन गेला आणि मला येऊन म्हणाला, "चेमा, बाई हो म्हणाली." मी म्हटलं, "ती असं म्हणाली?" "तामाल दिले की!"

ऑक्टोबरात एका सकाळी क्रेसेन्सिया माझ्या दुकानात शिरली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. खुर्चीत पाद्रीबाबा होते, साबणानं माखलेले. त्यांच्याकडे बघून तिनं मान झुकवली आणि मला म्हणाली, "चेमा, नियम म्हणून दाखव."

"रंगवलेली मिशी पायी, केसांची मिशी घोड्यावर. आणि ओढली तर निघता कामा नये."

"कुणाचे केस, असं काही आहे?"

"नाही."

"बाईमाणूस, पोर, असं काही?"

"तसंही नाही. कुणाला सुचलंच नव्हतं."

"मग झालं," ती म्हणाली. पाद्रीबाबा गेल्यावर आम्ही आणखी थोडं बोललो. ते राहू दे सध्या.

मग नोव्हेंबर लागला आणि मृतांचे दिवस आले, गेलेली माणसं घरी जेवायला येतात ते. ज्या घरात त्या साली माणूस गेलं, तिथं अख्खं गाव मेणबत्ती घेऊन जातं, हे काही सांगायला नको. क्रेसेन्सियानं वेदी मांडली होती बघण्यासारखी: झेंडूची कमान, पाव, मीठ, पाण्याचा पेला, आबुंदियोची टोपी, त्याचा कंगवा, मेणाची डबी, धुपाटण्यात कोपलचा धूप. आणि फोटोच्या पायाशी सिगारेटचा उघडा पत्र्याचा डबा. त्यात, पांढऱ्या रुमालावर, एक काळी मिशी.

पहिली बघितली एउफेमियानं, क्रेसेन्सियाच्या शेजारणीनं. एउफेमियाला एखादी गोष्ट कळली की टपालखात्याला काम उरत नाही. ती हातातली मेणबत्ती ठेवायची विसरली आणि तशीच बाहेर आली. ओट्यावर दोघींना सांगितलं, कोपऱ्यावर चौघींना. जेवणाच्या वेळेपर्यंत रांग इतकी झाली की तामाल संपले. प्रत्येक जण आत जाई, फोटोपुढं वाके, डब्यात बघे, आणि क्रूस करत बाहेर येई. क्रेसेन्सियाला तोंडावर विचारायची छाती कुणाला झाली नाही. ती आपली पेले भरत होती. "घ्या, गरम आहे." इलारियोन आला, वाकला, आणि वाकलेलाच राहिला. त्याच्या बायकोला त्याला दंडाला धरून उठवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या खुर्चीत.

"चेमा, त्याची शेवटची दाढी तूच केलीस ना?"

"मीच."

"तेव्हा मिशी होती?"

"मान वर कर, कापेल."

"पेटी बंद केली तेव्हा?"

"इलारियोन, वस्तरा गळ्यावर असताना माणसानं प्रश्न विचारू नयेत."

जाताना तो आरशात स्वतःच्या मिशीकडे बराच वेळ बघत उभा राहिला.

वीस तारखेला सकाळी कमानीखाली बारा घोडी उभी, पोरं मागं रांगेत, ओब्दुलिया बाई कुणाची तरी ओघळलेली मिशी पुसतायत. इलारियोन नव्या विजारीत, पहिल्या जागेवर. तेवढ्यात बाजारगल्लीतून टापा आल्या. बघतो तो क्रेसेन्सिया. हातात लगाम. जी बाई तबेल्याच्या दारात ताट काठीनं सरकवायची, ती घोडी हातानं धरून आणत होती, चेहरा पिठासारखा पांढरा, ओठ दाबलेले, पण पावलं सरळ. गोलोंद्रिनाच्या शेपटीची तिरंगी फितीनं वेणी घालून वर अंबाडा बांधला होता, लग्नाला निघाल्यासारखा. आणि वर कासिल्दा. आजोबांची टोपी, आत वर्तमानपत्र कोंबलेलं. आजोबांचीच विजार कापून लहान केलेली, बटणं लखलखीत. उजव्या गालावर तीळ. आणि नाकाखाली, दोन्ही टोकांना मेण लावलेली, काळी, आबुंदियोसारखी मिशी.

कुणी हसलं नाही. तुम्ही म्हणाल, नऊ वर्षांच्या पोरीला एवढी मोठी मिशी, हसू कसं आलं नाही? अहो, डबा सगळ्यांनी बघितला होता.

कचेरीचे चिटणीस पुढं आले. "दोन्या, पण ही मुलगी आहे."

"दिसतंय मला. मीच वाढवलीय. नियमात मुलगा-मुलगी कुठंय ते दाखवा."

चिटणिसांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली: नाही.

"मग नियमानं ओढून बघा," चिटणीस म्हणाले. "इलारियोन, तुम्ही दुसरे. पहिल्याची तुम्ही ओढायची."

इलारियोन घोड्यावरून उतरला. सावकाश आला. मी खांबाशी उभा होतो, आणि मला जे दिसत होतं ते बाकी कुणाला दिसत नव्हतं: उन्हानं पोरीच्या ओठावर घाम आला होता आणि मिशीच्या डाव्या टोकाचा डिंक सुटत चालला होता. एक झटका बसला असता, तर मिशी इलारियोनच्या हातात आली असती. पोर खाली, जागा गेली, आणि पुन्हा तबेला. मी आयुष्यात फार प्रार्थना केलेल्या नाहीत. त्या मिनिटात मागच्या सगळ्या भरून काढल्या.

"ओढ, कंपाद्रे," क्रेसेन्सिया म्हणाली. "नियम आहे तर नियम."

इलारियोननं हात वर केला. कासिल्दानं डोळे घट्ट मिटले आणि लगाम मुठीत आवळला. मग डोळे न उघडताच म्हणाली, "आजोबा सांगायचे, सगळ्यांत जोरात तुम्ही ओढता."

त्याचा हात तिथंच थांबला. बैल एका ठोशात खाली बसवणारा तो हात. मग त्यानं दोन बोटांनी मिशी हलकेच चेपली, डावं टोक वर वळवलं, ते नीट बसवलं. त्यानंच ते परत चिकटवलं, त्याला ठाऊकही नसताना. आणि टोपी काढली.

"घट्ट आहे," तो म्हणाला. "एवढी घट्ट कधीच नव्हती. चल, पोरी, पुढं हो. ऊन चढतंय."

मागच्या अकरा जणांनीही टोप्या काढल्या. कासिल्दानं डोळे उघडले, खाली वाकली आणि म्हणाली, "आता मी पहिली. आता मी तुमची ओढणार."

"ओढ की."

तिनं दोन्ही हातांनी धरून अशी ओढली की इलारियोन "आई गं!" म्हणून नाचला. मे महिन्यापासून त्या पोरीला हसताना कुणी पाहिलं नव्हतं. ती एवढी हसली की टोपी डोळ्यांवर आली. मग सगळी कमान हसली, ओब्दुलिया बाईसुद्धा, चिटणीससुद्धा. फक्त क्रेसेन्सिया हसली नाही. तिचा एक हात लगामावर होता, दुसरा गोलोंद्रिनाच्या मानेवर, आणि मला वाटतं, आपला हात घोड्याच्या अंगावर आहे हे तिच्या तेव्हाच लक्षात आलं. तिनं तो काढला नाही.

त्या साली ती पुढं चालली, नातीच्या शेजारी. झाडू आणि बादली कुणाकडे होती, विचारू नका. न्हाव्याला झाडायची सवय असते, एवढंच सांगतो.

सोमवारी कासिल्दा शाळेत गेली. जागा घरात राहिली. पुढं अठरा वर्षं ती पुढं बसली, आणि मग जनावरांची डॉक्टर झाली, इथेच, बाजारगल्लीत. आता गोलोंद्रिनाच्या नातीवर तिची लेक बसते, आणि तिच्यामागच्या बारांत चार पोरी असतात. इलारियोन तर बाराएक वर्षांपूर्वीच गेला. जोवर चालवत होतं तोवर दर साली मृतांच्या दिवशी मेणबत्ती घेऊन यायचा आणि त्या डब्यापुढं वाकायचा. क्रेसेन्सिया एक्क्याण्णव वर्षांची होऊन गेली. शेवटच्या वर्षांत रोज संध्याकाळी तबेल्यात स्टूल टाकून बसायची, आत, आणि घोडीला तामाल भरवायची. मांसाचे नव्हेत. अर्थात तिच्या तामालात मांस शोधावंच लागायचं.

आता ती दोघंही गेली, म्हणून सांगतो. आबुंदियो मिशीसकट पुरला गेला. मी ती विंचरली, मेण लावलं आणि झाकण माझ्यासमोर बसलं. कासिल्दाच्या ओठावर होती ती गोलोंद्रिनाच्या शेपटीची. ऑक्टोबरात क्रेसेन्सिया एकटी तबेल्यात गेली, घोडीच्या मागं उभी राहिली आणि शिवणाच्या कात्रीनं केस कापून माझ्याकडे घेऊन आली. मी ते बारीक जाळीवर एकेक गाठ मारून बसवले आणि मिशी केली. डबा वेदीवर ठेवला होता, कारण घरातल्या मांजरानं ती मिशी दोनदा पळवली होती, आणि धुपाच्या धुराजवळ ते मांजर जात नसे.